तुझं तू पाहून घे : उपदेशकांना एक खुलं पत्र

व्यासपीठावरून देवाचं वचन सांगणाऱ्या सर्व पाळकांना, धर्मगुरूंना आणि उपदेशकांना,

ख्रिस्तामध्ये सप्रेम नमस्कार.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 27व्या अध्यायात एक माणूस पापाची कबुली द्यायला येतो. त्याच्याजवळ चांदीची 30 नाणी आहेत. तो म्हणतो, मी पाप केलं, निर्दोष माणसाला धरून दिलं. समोर मुख्य याजक आणि वडील आहेत. पाप्याचं ऐकून घ्यायचं, त्याच्यासाठी अर्पण करायचं, याच कामासाठी याजक नेमलेले. ते उत्तर देतात : त्याचं आम्हाला काय? तुझं तू पाहून घे.

तो माणूस, म्हणजे येशूचा शिष्य यहूदा, ती नाणी मंदिरात टाकून निघून जातो आणि जीव देतो. याजक नाणी गोळा करतात आणि त्यांना प्रश्न पडतो की हे रक्ताचं मोल, हे मंदिराच्या दानकोशात टाकणं नियमात बसतं का. बसत नाही. मग विचारविनिमय होतो, कुंभाराचं शेत विकत घेतलं जातं, परक्यांना पुरण्यासाठी. नियमाच्या बाबतीत त्या दिवशी कुणाचीही कसूर झाली नाही.

या उताऱ्यावर मी बरेच संदेश ऐकले. सगळ्यांचं बोट यहूदाकडे. याजकांच्या त्या वाक्यावर कुणी थांबलेलं मला आठवत नाही. मीही थांबलो नसतो. पण तेच उत्तर एकदा माझ्या वाट्याला आलं, तेव्हापासून ते वाक्य माझा पिच्छा सोडत नाही.

मी पाळक नाही, ईश्वरविज्ञान शिकलेलो नाही. चाळीसेक वर्षं बाकावर बसून ऐकणारा माणूस आहे. मधली काही वर्षं रविवारच्या शाळेत मुलांकडून वचनं पाठ करून घेतली, तेवढीच काय ती सेवा. तेव्हा या पत्रात कुठे शिकवण्याचा सूर लागला तर सांभाळून घ्या.

आधी माझं सांगतो. माझ्या धाकट्या भावाशी माझा अकरा वर्षं अबोला होता. चूक त्याची होती. आजही विचारलंत तर मी हेच सांगेन, आणि बहुतेक लोक माझ्याच बाजूने उभे राहतील. त्याने सगळ्यांना फसवलं, मी सगळ्यांचं निस्तरलं. दर रविवारी मी उपासनेला हजर असायचो, दशांश वेळेवर द्यायचो, आणि प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस' या क्षमेच्या ओळीवर माझा आवाज जरासुद्धा अडखळायचा नाही. शेवटच्या वर्षी त्याचं पत्र आलं. मी ते फोडलं नाही. पुढे काही महिन्यांनी तो गेला.

मग मी पत्र फोडलं. त्यात काय होतं ते इथे लिहिणार नाही.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, तू वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. या आज्ञेचं मी आता काय करू? ज्याच्याकडे जायचं तोच नाही. काही आज्ञा मोडल्यानंतर दुसऱ्या दिवशी पाळता येतात. ही तशी राहिली नव्हती. हेच मी एका उपदेशकाकडे जाऊन बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग म्हणाले, देवाने तुम्हाला यातून धडा दिलाय, आता निदान बाकीच्यांशी नातं नीट ठेवा. प्रार्थना वाढवा, मन घट्ट करा. माणूस वाईट नव्हता, गडबडीतही नव्हता. पण घरी येताना माझ्या लक्षात आलं की मला सभ्य शब्दांत 'तुझं तू पाहून घे' असंच सांगितलं गेलंय.

तेव्हापासून मी तुमचे संदेश वेगळ्या कानांनी ऐकतो. माझी तक्रार तुम्ही फार कडक बोलता अशी नाही. तुम्ही पुरेसं कडक बोलत नाही.

श्रीमंत तरुणाची गोष्ट घ्या, मार्कचा 10वा अध्याय. तो येशूला म्हणतो, या सगळ्या आज्ञा मी लहानपणापासून पाळल्या आहेत. येशू त्याला खोटं पाडत नाही. त्याच्याकडे बघतो, आणि त्याच्यावर त्याची प्रीती बसते. हे वाक्य फक्त मार्कने टिपलंय. आणि प्रीती बसल्यावर येशू त्याला जे सांगतो ते त्या तरुणाला झेपण्यापलीकडचं असतं : सगळं विक, गरिबांना दे, माझ्यामागे ये. तरुण खिन्न होऊन निघून जातो. मग ते उंटाचं आणि सुईच्या नाकाचं वाक्य येतं. इथे तुमच्यातले बरेच जण सांगतात की यरुशलेमेत 'सुईचं नाक' नावाचा एक बुटका दरवाजा होता, उंटाने गुडघे टेकले आणि पाठीवरचं ओझं उतरवलं की तो त्यातून जाऊ शकायचा. ऐकायला छान वाटतं. पण त्या काळी अशा नावाचा दरवाजा असल्याचा काहीही पुरावा नाही. ही कथा फार नंतरची. शिष्यांना तर असा दरवाजा अजिबात आठवला नाही. ते थक्क होऊन विचारतात, मग तारण तरी कुणाचं होणार? येशू त्यांना धीर द्यायला 'अहो, गुडघे टेकले की जाता येतं' असं म्हणत नाही. तो म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे, पण देवाला नाही.

तो दरवाजा आपण का बांधला, याचा कधी विचार केलात? उंट जावा म्हणून. आज्ञा माणसाच्या मापाची व्हावी म्हणून. आणि एकदा तो बांधला की देवाला शक्य असलेल्या गोष्टीची गरजच उरत नाही, गुडघ्यांवर भागतं.

डोंगरावरच्या प्रवचनाचंही आपण हेच केलं. खून करू नको हे तुम्ही ऐकलंय, मी सांगतो, भावावर रागावणारा न्यायाला पात्र होईल. त्याचं आपण केलं 'राग आवरायला शिका'. तुमचा स्वर्गातला पिता परिपूर्ण आहे तसे परिपूर्ण व्हा, याचं केलं 'रोज थोडी प्रगती करा'. रोज थोडी प्रगती करायला माझी ना नाही. पण अकरा वर्षं मला स्वतःबद्दल बरं वाटत राहिलं ते याच मोजपट्टीमुळे. माझी प्रगती खरोखर होत होती. मी चिडचिड कमी केली होती. भावाबद्दल कुणी विचारलं तर मी वाईट बोलत नसे, फक्त विषय बदलत असे, आणि तेवढ्याला संयम म्हणत असे.

नियमशास्त्राचा, म्हणजे मोशेकरवी दिलेल्या आज्ञांचा, खरा मार कुठे बसतो हे प्रेषित पौल स्वतःवरून सांगतो. फिलिप्पैकरांना लिहिताना तो म्हणतो की नियमशास्त्राच्या नीतिमत्त्वाच्या दृष्टीने मी निर्दोष होतो. फुशारकी नव्हे; त्याच्या जुन्या जमाखर्चात तसंच लिहिलेलं होतं. पण रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात तोच माणूस एका आज्ञेपाशी कोसळतो : लोभ धरू नको. दहा आज्ञांमधली ही शेवटची, आणि मोडली तर शेजाऱ्याला कळतही नाही अशी. खून, चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष, या सगळ्यांना साक्षीदार मिळू शकतो. लोभाला नाही. यहुदी परंपरेने नियमशास्त्रात एकूण 613 आज्ञा मोजल्या, 248 करण्याच्या आणि 365 न करण्याच्या. त्यांतल्या 612 पाळूनही माणूस इथे सापडू शकतो. पौल म्हणतो, ही आज्ञा आली, पाप सजीव झालं आणि मी मेलो.

याचा अर्थ नियमशास्त्र वाईट, असं नाही. त्याच अध्यायात पौल त्याला पवित्र, न्याय्य आणि चांगलं म्हणतो. आणि मुळात दहा आज्ञांची सुरुवात आज्ञेने होतच नाही. निर्गमच्या 20व्या अध्यायात आधी देव म्हणतो, तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर आणणारा तुझा देव मी आहे. यहुदी मोजणीत हेच दहांतलं पहिलं वचन. सुटका आधी, आज्ञा मागून. आपल्या भिंतींवरच्या दहा आज्ञांच्या पाट्यांवर मात्र पुष्कळदा हे वाक्य गाळलेलं असतं. जागा पुरत नसावी.

गलतीकरांना लिहिताना पौल नियमशास्त्राला बालरक्षक म्हणतो. मूळ ग्रीक शब्दामागे त्या काळातला एक माणूस आहे : घरातला गुलाम, जो मुलाला सांभाळत शिक्षकाकडे नेई, वाटेत त्याच्या वागण्यावर लक्ष ठेवी, प्रसंगी फटकावी. शिकवणारा वेगळा. आता समजा हा बालरक्षक मुलाला रोज घेऊन निघतो, वाटेत कानउघाडणी करतो आणि शिक्षकाच्या दारापर्यंत न पोहोचताच परत आणतो. कितीतरी रविवारी मी असाच फिरून घरी आलोय. हिशेबही बरोबर दिला गेला, कानही टोचले गेले, आणि शेवटी 'तर मग या आठवड्यात आपण निर्धार करू या' असं म्हणून समाप्तीचं गीत. तीस-चाळीस मिनिटांच्या संदेशात वधस्तंभाचं नाव शेवटच्या प्रार्थनेत, तेही ओझरतं.

हा वाद जुना आहे, तुम्ही माझ्याहून जास्त वाचलाय. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये पेलागियस नावाचा एक तपस्वी होता. त्याच्याबद्दल मला सहानुभूती वाटते. आजूबाजूचे ख्रिस्ती लोक कसेही जगत होते आणि 'आपण दुर्बल माणसं, काय करणार' म्हणून हात वर करत होते; त्याची त्याला चीड होती. त्याच सुमारास बिशप ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनातली एक प्रार्थना त्याच्यासमोर कुणीतरी वाचली : जे तू आज्ञापितोस ते तूच दे, आणि मग तुला हवं ते आज्ञाप. पेलागियसला ते सहन झालं नाही. देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याची ताकद माणसात असलीच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तर्क सरळ आहे, आणि माझ्या ओळखीचे बहुतेक सज्जन लोक नकळत याच तर्कावर जगतात. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने तो नाकारला. पण धर्मसभेने नाकारलेली गोष्ट व्यासपीठावरून उतरतेच असं नाही. 'तुम्ही एक पाऊल टाका, देव दहा टाकील' हे मी इतक्यांदा ऐकलंय, की ते शास्त्रवचनच आहे असं मुलं समजतात. ते पहिलं पाऊल माझ्याच्याने पडत नाही, हेच तर सांगायला मी आलो होतो.

ऑगस्टीनच्या त्या प्रार्थनेत आज्ञा एका कणानेही खाली आणलेली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. हवं ते आज्ञाप, असं तो म्हणतो. ज्याला आज्ञेबरोबर ताकदही बाहेरूनच मिळणार आहे, त्यालाच असं म्हणायची छाती होते. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1518 साली हायडेलबर्गच्या वादसभेत हेच उलट बाजूने मांडलं : नियमशास्त्र 'हे कर' म्हणतं आणि ते कधीच होत नाही, कृपा 'याच्यावर विश्वास ठेव' म्हणते आणि सगळं आधीच झालेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, मग जकातदारासारखं 'मज पाप्यावर दया कर' म्हणा आणि मोकळे व्हा. त्या गोष्टीबद्दलच थोडं बोलायचंय, कारण आपण ती फार स्वस्त केली आहे. लूकच्या 18व्या अध्यायात नियम काटेकोर पाळणारा परुशी आणि पापी समजला जाणारा जकातदार मंदिरात प्रार्थना करतात. जकातदाराच्या तोंडी लूकने दयेसाठी नेहमीचा ग्रीक शब्द घातलेला नाही. त्याच अध्यायात पुढे यरीहोजवळचा आंधळा 'माझ्यावर दया कर' म्हणतो, तिथे तो नेहमीचा शब्द आहे. जकातदाराचा शब्द प्रायश्चित्ताच्या घराण्यातला आहे. माझ्या पापाचं काहीतरी भागवून माझ्यावर प्रसन्न हो, असा त्याचा भाव. त्याच धातूपासून जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातला दयासनाचा शब्द आला.

दयासन म्हणजे कराराच्या कोशावरचं सोन्याचं झाकण. वर करूब, म्हणजे पंखवाले देवदूत, आत दहा आज्ञांच्या दगडी पाट्या. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, प्रमुख याजक पडद्याआड जाऊन त्या झाकणावर रक्त शिंपडत असे. खाली मोडलेली आज्ञा, वर पवित्र देव, मधे रक्त. आणि जकातदार उभा होता त्या मंदिरात हा कोश नव्हताच. पहिलं मंदिर उद्ध्वस्त झालं तेव्हापासून परमपवित्रस्थान रिकामं होतं. तो माणूस रिकाम्या खोलीच्या दिशेने, दूर उभा राहून, वर न बघता, दयासनाची भीक मागत होता. पुढे पौल रोमकरांस पत्राच्या 3ऱ्या अध्यायात म्हणतो की देवाने ख्रिस्ताला पुढे ठेवलं, आणि तिथे तोच शब्द वापरतो. आपल्या भाषांतरात 'प्रायश्चित्त' असा काहीसा शब्द येतो आणि आपण पुढे सरकतो. पण पौलाच्या यहुदी वाचकाला त्यात ते झाकण दिसत असणार. पडद्याआडची गोष्ट उघड्यावर, शहराबाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

म्हणून कृपा म्हणजे देवाने 'जाऊ दे' म्हणणं, असं कृपा करून सांगत जाऊ नका. माझ्या भावाच्या बाबतीत मला कुणी 'जाऊ दे' म्हटलेलं चाललं नसतं. ज्यांनी म्हटलं त्यांचा मला रागच आला. जे मी केलं ते 'जाऊ दे' इतकं हलकं नव्हतं. पौल म्हणतो की देव न्यायी राहून नीतिमान ठरवणारा झाला. दोन्ही. मला तो न्यायी राहिलेलाच हवा होता, नाहीतर माझा भाव खाली गेला असता आणि माझ्या भावाचाही.

दुसऱ्या टोकाबद्दलही लिहायला हवं. कृपेच्या नावाखाली नियमशास्त्र गुंडाळून ठेवणारेही तुमच्यात आहेत. जर्मन पाळक डीट्रिख बॉन्होफरने 1937 साली याला स्वस्त कृपा असं नाव दिलं आणि 1945च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फासावर चढवलं, तेव्हा तो शब्द त्याच्या तोंडी शोभतो. मी एक साधी गोष्ट सांगतो. मंडळीतल्या एखाद्याने दुसऱ्याचा विश्वासघात केला, पैसे बुडवले, त्याहून वाईट काही केलं, की तुमच्यातले काही जण पहिल्यांदा ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जातात आणि सांगतात, क्षमा करा, प्रभूने तुम्हाला केली ना. अपराध्याकडे मात्र कुणी नाथान जात नाही. दाविद राजाने बथशेबेच्या नवऱ्याला, उरीयाला, मारवलं तेव्हा देवाने नाथान संदेष्ट्याला उरीयाच्या घरच्यांकडे पाठवलं नव्हतं. दाविदाकडे पाठवलं होतं, 'तो मनुष्य तूच आहेस' हे सांगायला. क्षमा दाविदालाही मिळाली. पण आधी आरसा, मग क्षमा. आणि परिणाम टळले नाहीत.

जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू आपणहून गेला. आधी पैसे परत कर, मग येतो, असं म्हणाला नाही. पण तो घरात आल्यावर जक्कय उभा राहून म्हणाला, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करीन. चौपट हे नियमशास्त्रातलं माप आहे, चोरलेल्या मेंढराबद्दलचं, निर्गमच्या 22व्या अध्यायातलं. कृपा घरात आली आणि नियमशास्त्राचा इतका जड आकडा त्या माणसाच्या तोंडून आपोआप बाहेर पडला. पौलाचा विश्वास आणि याकोबाची कृत्यं यांच्यात ओढाताण लावणाऱ्यांनी जक्कयाच्या घरी एक संध्याकाळ घालवावी. त्या ओढाताणीवर पश्चिमेच्या मंडळ्या फुटल्या, 1547 साली ट्रेंटच्या सभेने कॅथलिक बाजू मांडली, आणि 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गमध्ये ल्यूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरवण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मधे साडेचारशे वर्षं गेली. बाकावर बसणाऱ्यांपैकी कितीजणांना या सह्यांबद्दल कुणी सांगितलं, हे तुम्हीच आठवून बघा.

आणखी एक गोष्ट दुरुस्त करा अशी विनंती आहे. जॉन न्यूटनची. गुलामांच्या व्यापारात असलेला खलाशी, 1748च्या वादळात देवाला हाक मारतो, वाचतो, पालटतो, तो व्यापार सोडतो आणि पाळक होतो, असं तुम्ही सांगता. खरी हकिकत अशी आहे की वादळानंतर तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला. 1754 साली त्याने समुद्र सोडला तो प्रकृती बिघडली म्हणून. त्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे लिहिलं ते 1788 साली, आणि लिहिताना आपला सहभाग आपल्याला कायम लाजिरवाणा वाटेल असं कबूल केलं. म्हणजे ज्याच्या 'अमेझिंग ग्रेस' या गीताने जगभर कृपेचं नाव गाजलं, त्याला स्वतःच्या सगळ्यात मोठ्या पापाचं नाव उघडपणे घ्यायला तब्बल चाळीस वर्षं लागली. ही हकिकत तुमच्या आवृत्तीइतकी सुटसुटीत नाही. पण मला हीच उपयोगी पडते. कृपा मिळाली की माणूस रातोरात सुधारतो, असं तुम्ही सांगता तेव्हा ज्याची सुधारणा रातोरात झालेली नाही तो मागच्या बाकावर बसून ठरवतो की आपल्याला ती मिळालेलीच नाही. आणि तितकंच भयंकर दुसरं : त्या मधल्या वर्षांत त्याच्या जहाजांवर साखळदंडात माणसं होती. त्यांना या गोष्टीत जागाच नसेल तर गोष्ट सांगू नये.

पुन्हा त्या रात्रीकडे येतो, जिथून सुरुवात केली. येशूला धरलं त्या रात्री दोन शिष्य ढासळले. यहूदाने विकलं, पेत्राने तीनदा ओळख नाकारली. दोघांनाही मनापासून वाईट वाटलं. यहूदाने तर तोंडाने कबुली दिली आणि पैसेही परत केले. पश्चात्तापाचे गुण द्यायचे झाले तर त्या सकाळी यहूदाला जास्त मिळाले असते. पेत्र नुसताच बाहेर जाऊन रडला. यहूदाचं पुढे देवाजवळ काय झालं ते मी ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नये. पण दोघांच्या वाटेला आलेली माणसं वेगळी होती, एवढं तर दिसतं. यहूदा याजकांकडे गेला. पेत्र कुणाकडे गेलाच नाही. तो मासे धरायला गेला. आणि योहानाच्या 21व्या अध्यायात, तिबिर्या समुद्राच्या काठावर, पहाटे, उठलेला येशू कोळशाचा विस्तव पेटवून वाट बघत होता. कोळशाच्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी येतो : इथे, आणि प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने येशूला नाकारलं होतं. तोच वास, तीनदा प्रश्न. येशूने नाकारण्याचा शब्दही काढला नाही आणि तो विसरल्याचं दाखवलंही नाही. न्याहारी मात्र प्रश्नांच्या आधी दिली.

माझी न्याहारी कशी झाली ते सांगून थांबतो. ज्या उपदेशकांनी मला प्रार्थना वाढवायला सांगितलं होतं, त्यांच्याच हातून पुढे एका रविवारी प्रभुभोजन होतं. माझा घ्यायचा विचार नव्हता. वेदीजवळ जाऊन भाऊ आठवला तर काय करायचं हे मला पाठ होतं, आणि तो दर वेळी आठवत होता. मी शेवटच्या बाकावर बसून राहिलो. त्यांचा घसा बसला होता, स्वतःचं असं ते त्या दिवशी फार काही बोललेच नाहीत. छापलेल्या पुस्तकातून वाचत गेले : हे माझं शरीर, तुमच्यासाठी दिलेलं. 'तुमच्यासाठी' हा शब्द त्यांनी नुसता वाचला, त्यावर जोर दिला नाही, समजावून सांगितला नाही, त्याला कुठली अट जोडली नाही. घसा बरा असता तर कदाचित जोडली असती. मी उठून पुढे गेलो. भाकर त्यांनीच माझ्या हातावर ठेवली. सेवा देणाऱ्याच्या लायकीवर संस्काराचं मोल ठरत नाही, हे ऑगस्टीनने याच्या उलट मानणाऱ्या दोनातवादी पंथाशी भांडून सांगितलंय. ते मला त्या दिवशी पटलं. माझा भाऊ परत आला नाही, ती आज्ञाही पाळली गेली नाही, आणि ते पत्र अजून माझ्या पवित्र शास्त्रात आहे. आता मी ते अधूनमधून वाचतो.

तेव्हा मागणं एवढंच आहे. आज्ञा सांगाल तेव्हा पूर्ण उंचीची सांगा, तिला बुटका दरवाजा लावू नका. ती ऐकून कुणी तुमच्याकडे आलं आणि म्हणालं की हे माझ्याच्याने होत नाही, किंवा आता होण्यासारखं राहिलंच नाही, तर त्याला निर्धार करायला सांगू नका. तो निर्धार करून थकूनच आलेला असतो. तुमच्या हातात पुस्तक आहे, भाकर आहे, त्या माणसाला नावानिशी सांगता येईल असं एक वाक्य आहे. ते त्याला तोंडावर सांगा, आणि मग थोडा वेळ काहीच बोलू नका.

येत्या रविवारी मी असेनच, शेवटच्या बाकावर.

आपला नम्र,
एक ऐकणारा